कमला सोहोनी

डॉ. कमला माधव सोहोनी (माहेरचे नाव : कमला नारायण भागवत, जन्म : इंदूर, १८ जून १९११, निधन : २८ जून १९९८) या भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या. केंब्रिज विद्यापीठातून १९३९ साली त्यांनी पीएच.डी. मिळवली. वनस्पतींच्या पेशींमध्ये चालणाऱ्या श्वसनक्रियेत सायटोक्रोम या लोहयुक्त प्रथिनांच्या व्यवस्थेचे स्थान काय, हा त्यांच्या केंब्रिजमधील संशोधनाचा विषय होता. भारतात परतल्यावर त्यांनी कडधान्ये, नीरा, दूध अशा सामान्य माणसाच्या आहारातील पदार्थांवर काम केले. मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या त्या संचालक होत्या. ज्येष्ठ लेखिका व लोकसाहित्याच्या अभ्यासक दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी.

कुटुंब आणि प्रारंभीचे शिक्षण

भागवत घराण्यात विद्येची परंपरा जुनी होती. कमलाबाईंचे वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते आणि दोघांचेही शिक्षण बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत झाले होते. जमशेटजी टाटांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या या संस्थेला त्या काळी लोक टाटा इन्स्टिट्यूट म्हणूनच ओळखत. रसायनशास्त्र हा घरातल्या बोलण्याचा विषय असल्यामुळे आपणही तेच शिकावे आणि त्याच संस्थेत जावे, असे या मुलीने ठरवले असल्यास नवल नाही. थोरल्या दुर्गाबाई साहित्य, संस्कृत आणि मानवशास्त्र या वाटेने गेल्या. ‘ऋतुचक्र’ लिहिणारी एक बहीण झाडाचे फुलणे आणि पानगळ न्याहाळत होती आणि दुसरी त्याच झाडाच्या पेशीत श्वास कसा चालतो ते शोधत होती, हा योग मराठी वाचकाच्या फारसा लक्षात राहिलेला नाही.

मुंबई विद्यापीठातून १९३३ साली रसायनशास्त्र हा मुख्य आणि भौतिकशास्त्र हा दुय्यम विषय घेऊन कमलाबाई बी.एस्‌सी. झाल्या. परीक्षेत त्यांचा क्रमांक पहिला होता. गुणांच्या बळावर बंगळूरला प्रवेश मिळण्यात काही अडचण येईल, असे त्यांना किंवा घरच्यांना वाटण्याचे कारण नव्हते.

बंगळूरचा प्रवेश

अर्ज नामंजूर झाला. नोबेल पारितोषिक विजेते सर चंद्रशेखर वेंकट रामन त्याच वर्षी संस्थेचे संचालक झाले होते. संशोधनासाठी स्त्रिया पुरेशा सक्षम नसतात, अशी त्यांची त्या वेळची धारणा होती आणि नकाराचे कारणही तेच होते. वडिलांनी व चुलत्यांनी केलेल्या रदबदलीचा उपयोग झाला नाही.

कमलाबाई स्वतः बंगळूरला गेल्या. गुण जास्त असताना केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला जातो, याचे कारण त्यांनी संचालकांनाच विचारले आणि प्रवेश मिळेपर्यंत त्यांच्या कार्यालयापुढे सत्याग्रह करण्याचे ठरवले. महात्मा गांधींच्या चळवळीचा तो काळ होता आणि अन्यायापुढे शांतपणे ठाण मांडून बसण्याची रीत देशाच्या परिचयाची झाली होती. संस्थेच्या संचालकापुढे एका विद्यार्थिनीने ती वापरावी हे मात्र नवे होते.

अखेर रामन यांनी प्रवेश दिला, पण अटी घालून. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. कामाच्या दर्जाविषयी संचालकांचे समाधान झाल्यावरच त्या कामाला मान्यता मिळणार होती. त्यांच्या असण्यामुळे पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होऊ नये, अशीही एक अट होती. या शेवटच्या अटीतील अपमान कमलाबाई विसरल्या नाहीत. शास्त्रज्ञ म्हणून रामन यांच्याविषयी त्यांना आदर होता, परंतु हा माणूस स्त्रियांच्या बाबतीत संकुचित वृत्तीचा होता, असे त्यांनी उतारवयातही स्पष्टपणे सांगितले. आता विज्ञानाच्या इतिहासात हा प्रसंग पुष्कळदा सांगितला जातो, तेव्हा शेवटी झालेल्या समेटावर भर असतो. समेट खरा, पण अटींचे एक वर्ष एका विद्यार्थिनीला काढावे लागले, हेही तितकेच खरे.

संस्थेत श्रीनिवासय्या हे त्यांचे मार्गदर्शक होते. ते शिस्तीचे कडक होते आणि शिकवण्यात उदार होते. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. भारतातील बहुसंख्य लोकांना प्रथिने मिळतात ती डाळींतून; त्या प्रथिनांचे स्वरूप कोणते, याचा पद्धतशीर अभ्यास त्या काळी नुकताच सुरू झाला होता. वर्षाअखेरीस रामन यांचे समाधान झाले आणि नियमित संशोधनाची वाट मोकळी झाली. १९३६ मध्ये कमलाबाईंना विशेष प्रावीण्यासह एम.एस्‌सी. पदवी मिळाली. यानंतर संस्थेत स्त्रियांना प्रवेश मिळू लागला. पुढे हवामानशास्त्रात नाव मिळवलेल्या अॅना मणी यांनी तर याच संस्थेत रामन यांच्याच प्रयोगशाळेत संशोधन केले.

केंब्रिज

शिष्यवृत्ती मिळवून कमलाबाई केंब्रिजला गेल्या आणि न्यूनम या स्त्रियांच्या महाविद्यालयात दाखल झाल्या. तेथील जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचे प्रमुख सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स होते. जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल त्यांना १९२९ सालचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले होते. स्त्री संशोधकांना मुक्तद्वार असलेल्या तेव्हाच्या मोजक्या प्रयोगशाळांत या प्रयोगशाळेची गणना होते. विद्यापीठाचे धोरण मात्र तसे नव्हते. केंब्रिजमध्ये स्त्रियांना विद्यापीठाचे पूर्ण सदस्यत्व १९४८ मध्ये मिळाले. तोपर्यंत त्यांना पदवीचा केवळ किताब दिला जाई. बंगळूरची अट उघडपणे बोलून दाखवलेली होती, येथील भेद नियमांच्या पुस्तकात होता, इतकाच फरक.

प्रथम डेरेक रिक्टर यांच्यासोबत त्यांनी प्राण्यांच्या ऊतींमधील विकरांवर, म्हणजे एन्झाइमांवर काम केले. फिनॉल जातीच्या पदार्थांचे ऑक्सिडीकरण करणारी विकरे हा त्यातील एक विषय होता आणि त्यावरील निबंध १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. रिक्टर अन्यत्र गेल्यावर त्या रॉबिन हिल यांच्याकडे वनस्पतींच्या ऊतींकडे वळल्या. हिल हे वनस्पतिजीवरसायनशास्त्रातील मोठे नाव. पेशीतून वेगळी काढलेली हरितलवके प्रकाशात ऑक्सिजन बाहेर टाकतात, हे त्यांनी याच काळात दाखवले. ती क्रिया आज हिल अभिक्रिया म्हणून शिकवली जाते. म्हणजे एकाच प्रयोगशाळेत, एकाच सुमारास, वनस्पतिपेशीच्या दोन्ही बाजूंवर काम चालू होते : हरितलवक ऑक्सिजन कसा सोडते आणि पेशी तो कसा वापरते.

वनस्पतिपेशीतील श्वसन : संशोधनाची पार्श्वभूमी

या संशोधनाचे महत्त्व कळण्यासाठी वनस्पतींच्या पेशीची रचना थोडी पाहावी लागते. इंग्लंडच्या रॉबर्ट हुक याने १६६५ मध्ये बुचाच्या पातळ कापात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जी घरे पाहिली, त्या होत्या मृत पेशींच्या रिकाम्या भिंती. प्राण्यांच्या पेशीला नसलेली ही भित्तिका वनस्पतिपेशीचे पहिले वैशिष्ट्य. ती मुख्यतः सेल्युलोजची असते. वऱ्हाडात तिचे उदाहरण शोधायला सूक्ष्मदर्शकाची गरज नाही. अकोला व अमरावतीच्या बाजारात येणाऱ्या कापसाचा प्रत्येक तंतू ही सरकीच्या सालीवरची एकच पेशी असते. ती दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत लांबत जाते, भित्तिकेवर सेल्युलोजचे थर चढवते आणि बोंड फुटल्यावर वाळून जाते. आपण अंगावर घालतो ती सुती वस्त्रे म्हणजे अशा असंख्य पेशींच्या भित्तिकाच होत.

भित्तिकेच्या आत पेशीपटल, त्याच्या आत पेशीद्रव्य आणि केंद्रक. पूर्ण वाढलेल्या वनस्पतिपेशीत मध्यभागी एक मोठी रिक्तिका असते. पेशीचा बहुतांश भाग तीच व्यापते. तिच्यातील रसात शर्करा, आम्ले, क्षार, रंगद्रव्ये आणि पेशीला नको असलेले पदार्थ साठवलेले असतात. या रसाचा दाब भित्तिकेवर पडतो म्हणून कोवळे खोड ताठ राहते. पाणी न मिळालेले रोप माना टाकते ते हा दाब गेल्यामुळे. हिरव्या भागांतील पेशींत हरितलवके असतात. ती सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांपासून शर्करा तयार करतात. बटाट्यासारख्या जमिनीखालच्या भागात हिरवेपणा नसतो. तेथील लवकांत स्टार्च साठवलेला असतो.

शर्करा तयार करणे हे अर्धेच काम. ती वापरून वाढ, क्षारांचे शोषण, प्रथिनांची जुळणी यांसाठी ऊर्जा मिळवावी लागते आणि त्यासाठी वनस्पतीही प्राण्यांप्रमाणे रात्रंदिवस श्वसन करतात. हे श्वसन मुख्यतः पेशीतील तंतुकणिकांमध्ये चालते. अन्नापासून निघालेले इलेक्ट्रॉन एका वाहकाकडून दुसऱ्याकडे सोपवले जातात आणि शेवटी ऑक्सिजनशी मिळून पाणी तयार होते. वाटेत मोकळी होणारी ऊर्जा पेशी एटीपी या रूपाने साठवते. सायटोक्रोम सी हा या साखळीतील एक वाहक. हे एक लहानसे प्रथिन असून त्याच्या मध्यभागी रक्तातील हीमोग्लोबिनप्रमाणेच हीम हा लोहयुक्त गट असतो. लोहाच्या अणूवर इलेक्ट्रॉन येतो आणि पुढे जातो. प्रथिन तेच राहते. साखळीचे अखेरचे टोक सायटोक्रोम ऑक्सिडेज हे विकर सांभाळते. इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला देण्याचे काम त्याचे.

सायटोक्रोम हे नाव डेव्हिड कायलिन यांनी १९२५ मध्ये केंब्रिजमध्येच दिले. वर्णपटदर्शकातून जिवंत ऊतींकडे पाहताना प्रकाशाच्या पट्ट्यात ठराविक जागी काळ्या रेषा दिसतात आणि ऑक्सिजन मिळाला की त्या नाहीशा होतात, हे त्यांनी दाखवले. कीटकांचे स्नायू आणि यीस्ट यांच्याप्रमाणे उच्च वनस्पतींतही त्यांना या रेषा आढळल्या होत्या. कमला सोहोनी यांनी सायटोक्रोम सीचा शोध लावला, असे अनेक लोकप्रिय लेखांत म्हटलेले असते. ते या कारणाने नेमके नाही. रंगद्रव्य ठाऊक होते. प्रश्न पुढचा होता. वनस्पतींच्या श्वसनात ते खरोखर काम करते काय, आणि त्याच्या जोडीला लागणारे ऑक्सिडेज विकर फुलझाडांच्या पेशींत सर्वत्र आहे काय, हे सिद्ध झालेले नव्हते.

शंका घेण्यास सबळ कारणे होती. चिरलेला बटाटा किंवा वांगे उघडे ठेवले तर काळे पडते. पेशी फुटल्यावर रिक्तिकेतील फिनॉल जातीचे पदार्थ बाहेर येतात आणि फिनॉल ऑक्सिडेज हे विकर हवेतील ऑक्सिजनच्या मदतीने त्यांचे तपकिरी-काळे संयुग बनवते. बटाट्यात हे विकर विपुल असते. त्यामुळे वनस्पतींमध्ये ऑक्सिजन वापरण्याचे मुख्य काम हेच विकर करीत असावे आणि वनस्पतींचे श्वसन प्राण्यांच्या श्वसनापेक्षा मुळातच वेगळे असावे, असे मानणारा एक पक्ष होता. काही वनस्पतींचे श्वसन सायनाइडनेही पूर्णपणे थांबत नाही, हे दिसून आल्याने त्या पक्षाला बळ मिळत होते, कारण सायटोक्रोम ऑक्सिडेज सायनाइडने बंद पडते.

प्रयोग करणेही सोपे नव्हते. प्राण्याच्या स्नायूचा लगदा सहज होतो. वनस्पतीच्या ऊतीत आधी ती चिवट भित्तिका फोडावी लागते. ती फुटताच रिक्तिकेतील आम्ल आणि फिनॉले बाहेर येऊन ज्या विकराचा शोध घ्यायचा त्यालाच निकामी करतात. पाने घेतली तर हरितद्रव्याचा गडद रंग सायटोक्रोमच्या फिकट रेषा झाकून टाकतो. बटाटा हरितद्रव्यापासून मुक्त असल्यामुळे सोयीचा होता, पण काळे पडण्याचा उपद्रव त्याच्यातच सर्वाधिक. फिनॉलांचे ऑक्सिडीकरण करणाऱ्या विकरांवर रिक्टर यांच्याकडे केलेले काम कमलाबाईंना येथे उपयोगी पडले असणार, हे त्या दोन विषयांच्या क्रमावरून दिसते.

बटाट्यापासून सुरुवात करून कमलाबाईंनी निरनिराळ्या वनस्पतींच्या ऊती तपासल्या आणि सायटोक्रोमची व्यवस्था वनस्पतींच्या पेशींत सर्वत्र आढळते, तसेच पेशीतील ऑक्सिडीकरणात ती प्रत्यक्ष भाग घेते, असा निष्कर्ष काढला. फुलझाडांतील सायटोक्रोम ऑक्सिडेजसंबंधीचे हिल व भागवत यांचे छोटे टिपण १९३९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आले. त्याचा सविस्तर निबंध युद्ध व इतर व्यापांमुळे लांबून १९५१ मध्ये ‘न्यू फायटॉलॉजिस्ट’ मध्ये प्रसिद्ध झाला. बटाट्याची पेशी आणि माणसाच्या हृदयाची पेशी ऑक्सिजन वापरण्यासाठी एकाच प्रकारची यंत्रणा राबवतात, ही गोष्ट आज अकरावीच्या मुलालाही ठाऊक असते. ती सिद्ध होत असताना त्या प्रयोगात एका मराठी मुलीचा हात होता, हे मात्र पाठ्यपुस्तकात येत नाही.

सायनाइडने न थांबणाऱ्या श्वसनाचे कोडे पुढे वेगळ्या मार्गाने सुटले. वनस्पतींच्या तंतुकणिकांमध्ये सायटोक्रोमच्या साखळीखेरीज आणखी एक पर्यायी वाट असते, असे आढळले. म्हणजे शंका घेणाऱ्यांचे निरीक्षण बरोबर होते, पण त्यावरून मुख्य वाटच नाही असे म्हणणे चूक होते. सायटोक्रोम सी या प्रथिनाला पुढे आणखी महत्त्व आले. वनस्पती, कीटक, पक्षी, माणूस या सर्वांत ते आढळत असल्यामुळे त्याच्या घडणीतील फरक मोजून जीवजातींचे परस्परांशी नाते ठरवता येते. फिच आणि मार्गोलिअश यांनी १९६७ मध्ये या प्रथिनाच्या आधारे असा वंशवृक्ष मांडला.

पीएच.डी.

कमलाबाईंचा प्रबंध केवळ चाळीसेक पानांचा होता आणि केंब्रिजला पोहोचल्यापासून सुमारे चौदा महिन्यांत तो त्यांनी सादर केला. १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानशाखेत पीएच.डी. मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री, असा त्यांचा उल्लेख सर्वत्र केला जातो. यासंबंधी दोन नावे लक्षात घ्यावी लागतात. वनस्पतिपेशीविज्ञानाच्या अभ्यासक जानकी अम्मल यांना मिशिगन विद्यापीठाने १९३१ मध्ये डी.एस्‌सी. दिली होती आणि भारतीय विद्यापीठातून विज्ञानाची डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री असिमा चटर्जी यांना ती कलकत्त्यात १९४४ मध्ये मिळाली. पदव्यांची नावे वेगळी असल्यामुळे तिन्ही विधाने आपापल्या जागी उभी राहतात. क्रमांकावरून वाद घालण्यापेक्षा, पहिल्या दोघींचेही संशोधन वनस्पतींच्या पेशीविषयी होते, ही गोष्ट अधिक लक्षणीय आहे.

भारतातील कार्य

इंग्लंड-अमेरिकेत राहण्याऐवजी कमलाबाई १९३९ मध्ये भारतात परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख म्हणून त्यांनी काही काळ काम केले. त्यानंतर कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक या पदावर त्या गेल्या. ही प्रयोगशाळा पुढे हैदराबादला हलली आणि राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली. कुन्नूरला त्यांचा विषय जीवनसत्त्वांचे परिणाम हा होता.

१९४७ मध्ये विमागणिती माधव सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईला आल्या आणि विज्ञान संस्थेत नव्याने उघडलेल्या जीवरसायनशास्त्र विभागात प्राध्यापक झाल्या. येथे त्यांनी विद्यार्थ्यांची एक मोठी फळी तयार केली. संस्थेचे संचालकपद त्यांच्याकडे यावयास हवे होते त्यापेक्षा चार वर्षे उशिरा आले. बंगळूरच्या अनुभवानंतर इतक्या वर्षांनी, स्वतंत्र भारतातही त्यांना हे सोसावे लागले. रामन यांची गोष्ट प्रसिद्ध झाली, कारण रामन प्रसिद्ध होते. या चार वर्षांची गोष्ट फारशी कोणी सांगत नाही.

कडधान्ये

मुंबईत त्यांनी बंगळूरचाच विषय पुन्हा हाती घेतला, आता अधिक खोलात. डाळींच्या दाण्यातील दोन दलांच्या पेशींमध्ये रोपासाठी प्रथिनांचा साठा असतो. मात्र त्याच पेशींत असेही काही पदार्थ असतात की जे खाणाऱ्याच्या आतड्यातील ट्रिप्सिन या पाचक विकराचे काम रोखतात. त्यामुळे कच्च्या दाण्यातील प्रथिन पोटात जाऊनही अंगी लागत नाही. वाल आणि डबल बीन यांतील असे ट्रिप्सिनरोधक पदार्थ सोहोनी व त्यांच्या सहकाऱ्याने स्फटिकरूपात वेगळे केले. हे संशोधन १९५५ मध्ये ‘नेचर’ मध्ये प्रसिद्ध झाले. असे रोधक पुष्कळ अंशी उष्णतेने निकामी होतात. कडधान्य भिजत घालणे, मोड आणणे, साल काढणे आणि चांगले शिजवणे या आपल्या स्वयंपाकघरातील रीतींमागे कोणते कारण आहे, ते यावरून उलगडते.

वऱ्हाडच्या वाचकाला हा विषय परका वाटू नये. तूर, मूग, उडीद आणि हरभरा ही अकोला, अमरावती भागातील घरोघरची पिके आहेत आणि भाकरीसोबतचे वरण हाच येथील कष्टकऱ्याच्या जेवणातील प्रथिनांचा मुख्य आधार आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात कडधान्यांचे स्वतंत्र संशोधन केंद्र आहे. तेथे वाण आणि उत्पन्न यांवर जे काम होते त्याची दुसरी बाजू, म्हणजे दाणा ताटात आल्यावर त्यातील किती प्रथिन शरीराला मिळते, हा सोहोनी यांच्या संशोधनाचा विषय होता.

नीरा

राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचे पृथक्करण केले. ताड, शिंदी यांसारख्या वृक्षांच्या रसवाहिन्यांतून जो गोड रस पाझरतो ती नीरा. ती सूर्योदयानंतर लवकर आंबते आणि तिची ताडी होते. नीरेत अ आणि क ही जीवनसत्त्वे तसेच लोह चांगल्या प्रमाणात असते आणि नीरा आटवून गूळ किंवा काकवी केली तरी ही पोषक द्रव्ये टिकून राहतात, असे त्यांना आढळले. आदिवासी समाजातील कुपोषित किशोरवयीन मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्या आहारात नीरेचा समावेश केल्यावर त्यांच्या प्रकृतीत सुधारणा झाली. स्वस्त आणि आसपास मिळणाऱ्या पदार्थातून पोषण साधणे हा या संशोधनाचा हेतू होता. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार देण्यात आला. गरिबांच्या आहारातील धान-आटा या पदार्थावरही त्यांनी काम केले.

मेळघाटातील धारणी व चिखलदरा या तालुक्यांतील बालमृत्यू आणि कुपोषण यांविषयी १९९० च्या दशकापासून जी चर्चा चालू आहे, तिच्या संदर्भात हे जुने संशोधन पुन्हा वाचण्यासारखे आहे. शिंदीची झाडे विदर्भात जागोजागी आहेत; त्यांचा रस पोषणासाठी वापरला जाण्याऐवजी बव्हंशी ताडीसाठीच काढला जातो.

मुंबईच्या आरे दूध योजनेलाही त्यांनी दुधाचा दर्जा सुधारण्यासंबंधी सल्ला दिला.

ग्राहक चळवळ आणि लेखन

मुंबईतील काही स्त्रियांनी १९६६ मध्ये ‘कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया’ ही ग्राहकांसाठी काम करणारी संस्था स्थापन केली. कमलाबाई तिच्या सक्रिय सदस्य होत्या आणि १९८२-८३ या वर्षी तिच्या अध्यक्षही होत्या. अन्नातील भेसळ आणि ग्राहकांची सुरक्षितता यांवर त्यांनी संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकात लेख लिहिले. मराठी वाचकांसाठी त्यांनी आहारशास्त्रावर ‘आहार-गाथा’ हे पुस्तक लिहिले. पाककलेवरचे ‘खमंग’ हे पुस्तक दुर्गाबाईंनी लिहिले आणि त्यांच्या धाकट्या बहिणीने त्या अन्नाचे शास्त्र सांगितले.

अखेर

आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांच्या कार्याचा बराचसा विसर पडला होता. १९९८ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नवी दिल्लीत त्यांचा सत्कार आयोजित केला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत, २८ जून १९९८ रोजी, त्यांचे निधन झाले. १८ जून २०२३ रोजी गूगलने त्यांच्या ११२ व्या जन्मदिनानिमित्त आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र दिले.

संशोधनपर निबंधांत विवाहापूर्वी त्यांचे नाव के. भागवत आणि विवाहानंतर के. सोहोनी असे येते. ग्रंथालयांतील सूचींत ही दोन नावे पुष्कळदा दोन वेगळ्या व्यक्तींची समजली जातात. वनस्पतींच्या श्वसनावरील निबंध पहिल्या नावाखाली आणि कडधान्यांवरील निबंध दुसऱ्या नावाखाली पाहावे लागतात.